नाव सापडले, पण माणूस सापडला का?

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिनियातली हजारो कुटुंबे ॲपलाचियन डोंगर ओलांडून केंटकीत, म्हणजे शॉनी आणि चेरोकी लोकांच्या मुलखात, वसायला गेली. त्यांचे वंशज आज कुळाचा शोध घेऊ लागले की बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. डोंगर ओलांडून आलेला पूर्वज सापडतो, त्याचे आईबाप काही सापडत नाहीत. मग हाताला लागेल त्या कागदावरून नाते जोडले जाते आणि तीच वंशावळ पुढे सगळे उतरवून घेतात.

हे कसे होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अब्राहम लिंकन यांची आई नॅन्सी हँक्स. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, तरी आईचे माहेर कोणते यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला.

गैरसमज : जन्माची नोंद कुठे ना कुठे असणारच.

वस्तुस्थिती : नॅन्सीचा जन्म १७८४च्या सुमाराचा. केंटकीत जन्म-मृत्यू नोंदवण्याचा पहिला कायदा १८५२चा, आणि राज्यभर सलग नोंदणी सुरू झाली ती १९११ पासून. जनगणनाही फारशी कामी येत नाही. १८४० पर्यंत यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे, बाकीची माणसे वयोगटानुसार नुसती मोजलेली. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव १८५० पासून आणि प्रमुखाशी असलेले नाते १८८० पासून लिहू लागले. गुलामांची तर १८५० आणि १८६०लाही मालकाच्या नावाखाली, बहुधा बिननावाचीच, मोजदाद झाली. त्यातून केंटकीच्या १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांच्या याद्या आज उपलब्ध नाहीत. म्हणून या काळातले आईबाप शोधायचे ते कर-याद्यांत, जमिनीच्या दस्तांत आणि कोर्टाच्या दप्तरात.

गैरसमज : दप्तरात सापडले नाही, म्हणजे घडलेच नाही.

वस्तुस्थिती : लिंकनच्या आईवडिलांचे लग्नच झाले नव्हते, अशी कुजबुज अनेक वर्षे होती. कारण साधे होते. जोडप्याने संसार थाटला हार्डिन काउंटीत, त्यामुळे लोकांनी शोधले तिथलेच दप्तर. पण नवरी राहत होती वॉशिंग्टन काउंटीत आणि लग्न लागले तिच्या बाजूला. तिथल्या कचेरीत १० जून १८०६चा लग्नाचा जामीनरोखा आणि १२ जूनला लग्न लावल्याची जेसी हेड या धर्मोपदेशकाने दिलेली नोंद, दोन्ही पडून होते. ते उजेडात आले तेव्हा लिंकनला जाऊन दहा वर्षे उलटून गेली होती.

काउंट्यांच्या सीमा सतत बदलत, हेही ध्यानात ठेवावे लागते. १७९२ पर्यंत केंटकी हा व्हर्जिनियाचाच भाग होता. नेल्सन काउंटी तोडून हार्डिन झाली आणि १८४३ मध्ये हार्डिन तोडून लारू झाली. लिंकनचा जन्म हार्डिनमधला, पण ती जागा आज लारूमध्ये आहे. कुटुंब जागचे हलले नाही तरी त्याचे कागद तीन कचेऱ्यांत विखुरलेले असू शकतात.

गैरसमज : मृत्युपत्रात मुलगी म्हणून नाव आहे, म्हणजे प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : खरी मेख इथेच आहे. नेल्सन काउंटीतल्या जोसेफ हँक्सने जानेवारी १७९३ मध्ये मृत्युपत्र केले. त्यात मुलांच्या वाट्याला एकेक घोडा किंवा घोडी आणि मुलींच्या वाट्याला एकेक कालवड, सगळ्या जनावरांची नावे घालून. धाकट्या जोसेफला घोड्याबरोबर जमीनही मिळाली. एलिझाबेथला ‘जेंटल’, पॉलीला ‘लेडी’ आणि नॅन्सीला ‘पायडी’ नावाची कालवड. १८९९ मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी या कागदाच्या आधारे पुस्तक लिहिले आणि हीच नॅन्सी लिंकनची आई, असे ठामपणे मांडले.

मात्र हँक्स घराण्यात नॅन्सी एकच नव्हती. पायडी मिळालेली नॅन्सी पुढे लेव्हाय हॉलशी लग्न करून संसाराला लागली. लिंकनचा नातलग आणि बालपणचा सोबती डेनिस हँक्स हा तिचाच मुलगा. ती लिंकनच्या आईची मावशी. लिंकनची आजी लूसी ही याच जोसेफची मुलगी, आणि तिचे नाव मृत्युपत्रात कुठेच नाही. म्हणजे जिचे नाव आहे ती आपली नॅन्सी नव्हे, आणि जिचे नाव नाही तीच आपल्या वंशातली.

मृत्युपत्र म्हणजे मुलांची हजेरी नव्हे. कुणाला आधीच वाटा दिलेला असतो, कुणाशी बोलणे तुटलेले असते. लूसीवर १७८९ मध्ये मर्सर काउंटीत विवाहबाह्य संबंधांचा आरोप ठेवला गेला होता, एवढे कोर्टाच्या दप्तरात आहे. बापाने तिला वगळण्यामागे तेच कारण होते, असे मात्र कोणत्याच कागदात लिहिलेले नाही.

गैरसमज : जमीन एकाच्याच नावे झाली, म्हणजे बाकीची मुले त्याची नव्हेत.

वस्तुस्थिती : लिंकनचे आजोबा, तेही अब्राहमच, १७८६ मध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. मृत्युपत्र केलेले नव्हते. व्हर्जिनियात तोवर थोरल्या मुलाचाच वारसाहक्क चाले. तो रद्द करणारा कायदा १७८७च्या आरंभी अमलात आला. त्यामुळे जमीन गेली थोरल्या मॉर्डेकायकडे आणि लिंकनचे वडील टॉमस रिकाम्या हाताने राहिले. त्या वर्षी कोणता कायदा चालू होता हे ठाऊक नसेल, तर दस्त वाचूनही अर्थ उलटा लागतो.

गैरसमज : आडनावाचे स्पेलिंग वेगळे, म्हणजे घराणे वेगळे; पालकाची सही, म्हणजे मुलगी अल्पवयीन.

वस्तुस्थिती : कारकून कानावर पडेल तसे लिहीत. याच आजोबांच्या जमिनीच्या कागदावर ‘लिंकहॉर्न’ असे आडनाव आहे. नॅन्सीच्या जामीनरोख्यावर रिचर्ड बेरीने पालक म्हणून सही केली, तेव्हा ती साधारण बावीस वर्षांची होती. तिच्या वयाला पालकाची कायदेशीर गरज नव्हती. त्या सहीवरून तिचे वय ठरत नाही आणि आईबाप हयात नव्हते असेही ठरत नाही. लूसी तेव्हा हेन्री स्पॅरोची बायको म्हणून केंटकीतच नांदत होती.

गैरसमज : डीएनए चाचणी केली की कागदांचे काम संपले.

वस्तुस्थिती : मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुलींमार्फत चालतो. नॅन्सीची एकुलती मुलगी सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली, मूलही वाचले नाही. म्हणजे तपासायला नॅन्सीची थेट मातृशाखाच उरली नाही. तेव्हा संशोधकांनी तिच्या माहेरच्या बायकांच्या मुली, नाती, पणत्या अशा रांगा आजपर्यंत आणून वंशज गाठले. या रांगा अर्थातच कागदांवरूनच लावाव्या लागल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष आला : नॅन्सी ही लूसी हँक्सची मुलगी आणि लूसी ही जोसेफची बायको ॲन ली हँक्स हिची. हिचकॉक यांनी सांगितलेली शिप्ली घराण्यातली आई बाद झाली.

वडिलांचे काय? आपली आई ही लूसीला एका व्हर्जिनियन जमीनदारापासून झालेली मुलगी, असे लिंकननेच १८५०च्या सुमारास आपला वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याला सांगितल्याचे हर्नडनने लिहून ठेवले आहे. ती ऐकीव गोष्ट, आणि मातृशाखेची चाचणी बापाविषयी काहीच बोलत नाही. म्हणून वंशावळीत आईच्या घरात ‘लूसी हँक्स’ लिहावे आणि बापाचे घर कोरे ठेवावे. आपल्या पूर्वजाबाबतही हाच नियम : आधी त्या भागातली त्या नावाची सगळी माणसे वेगवेगळी करावीत, प्रत्येकाचे लग्न, जमीन आणि कर यांचा माग लावावा, आणि मगच त्यांतल्या एकाला आपला म्हणावे.