सीमा ओलांडताना (लेखांक ९) : पाटीचा रंग

आज पैशांबद्दल लिहीन असं मागच्या आठवड्यात कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. अहिल्यानगरच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि त्यांच्या प्रश्नापुढे नोटांचा विषय मागे पडला. पस्तीस जणांचा गट आहे, बहुतेक साठीच्या पुढचे. काशी, अयोध्या, गोरखपूर आणि मग पशुपतिनाथ, जमलं तर मुक्तिनाथ. बस इथूनच ठरवलेली, सोबत आचारी, शेगडी, पिठाचे डबे. बाई विचारतात, ‘तिकडे सारखं काहीतरी पेटतं असं ऐकतो. आमचीच बस काठमांडूपर्यंत न्यावी, की सीमेवर सोनौलीला सोडून तिथली गाडी करावी? ड्रायव्हर म्हणतो, कशाला घाबरता, मी नेहमीचा आहे.’

बाई, सोनौलीला सोडा. ड्रायव्हर चांगला असेल, बस नवी असेल, तरी सोडा. यावर माझं इतकं ठाम मत आहे की अख्खा लेखांक खर्च करतोय.

नेपाळातल्या रस्त्यावर गाडी कोणाची आहे हे आधी पाटी सांगते. तिथे खासगी गाडीची पाटी लाल, भाड्याच्या गाडीची काळी, सरकारी पांढरी, वकिलातीची निळी आणि पर्यटकांसाठी नोंदलेल्या गाडीची हिरवी. जुन्या पाट्यांवरची अक्षरं नि आकडे देवनागरीत असतात, त्यामुळे आपल्याला त्या सहज वाचता येतात. ‘बा’ म्हणजे बागमती, ‘लु’ म्हणजे लुंबिनी, ‘ना’ म्हणजे नारायणी. हे अंचल, म्हणजे जुने प्रशासकीय विभाग, २०१५च्या घटनेनंतर गेले, पाट्यांवर मात्र अजून दिसतात. नव्या पाट्यांवर रोमन अक्षरं आली आहेत, माझ्या मते उगाचच.

बंदच्या दिवशी या रंगांना फार किंमत येते. बुटवलच्या बाहेर पाहिलेलं सांगतो. रस्त्यावर एक टायर जळून संपत आलेला, आडवा बांबू आणि त्याच्या दोन टोकांना दोन पोरं, एकाच्या पायात चपला, दुसऱ्याच्या हातात चहाचा ग्लास. पोरं काचेतून आत कोण बसलंय ते बघतच नव्हती. नजर थेट बंपरवर. रुग्णवाहिका आली, बांबू वर. दुधाची गाडी आली, जरा कुरकुर करून बांबू वर. काळ्या पाटीची बस आली तेव्हा बांबू जागचा हलला नाही, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून त्याच पोरांकडे काडेपेटी मागितली. मग हिरव्या पाटीची मिनीबस, पुढच्या काचेवर ‘पर्यटक’ असा कागद. दोन मिनिटं चर्चा झाली आणि बांबू वर गेला. त्यामागे आपल्याकडच्या नंबरची एक बस होती, आतमध्ये बायका भजन म्हणत होत्या. तिला थांबवलं. त्यात द्वेष वगैरे काही नव्हता. पोरांच्या हिशेबात ती कुठल्याच खान्यात बसत नव्हती, एवढंच. पर्यटकांची म्हणावी तर पाटी हिरवी नाही, भाड्याची म्हणावी तर मालक तिथला नाही. निर्णय घेणारा कोणी मोठा माणूस यायची वाट बघत ती उभी राहिली.

म्हणून पहिला सल्ला असा की सीमेपलीकडे हिरव्या पाटीची गाडी करा आणि ठरवतानाच पाटीचा रंग विचारून घ्या. एजंट ‘टुरिस्ट बस’ म्हणतो तेव्हा त्याला मऊ सीट आणि एसी अभिप्रेत असतो. तुम्ही पाटीचं विचारा.

पण हिरवी पाटी बंदला चालते, उद्रेकाला नाही. बंदला नियम असतात. कोणीतरी पुकारलेला असतो, त्याची वेळ असते, सोडायच्या गाड्या ठरलेल्या असतात आणि संध्याकाळी तो बहुधा उठतो. ८ सप्टेंबर २०२५ला काठमांडूत जे सुरू झालं त्याला बंद म्हणत नाहीत. समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण गेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला आणि सिंहदरबार, संसद, सर्वोच्च न्यायालय पेटलं. मोठी हॉटेलंही जळली. विमानतळ बंद झाला. तुरुंग फुटले आणि हजारो कैदी बाहेर पडले. त्यांतले काही आपल्या हद्दीत शिरताना सशस्त्र सीमा बलाच्या हाती लागले. आपली अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. महाराष्ट्रातलेही काही गट तेव्हा तिकडे अडकले होते. पशुपतिनाथाहून परतणाऱ्या आंध्र प्रदेशच्या यात्रेकरूंच्या बसवर दगडफेक होऊन सामान लुटलं गेलं. अशा दिवशी पाटी कुठल्याही रंगाची असो, गाडी रस्त्यावर काढायचीच नसते. भिंतीआड बसायचं, खिडकीपासून लांब, आणि दूतावासाच्या सूचना ऐकायच्या. मोठ्या, चकचकीत, राजकारण्यांची नावं जोडलेल्या हॉटेलपेक्षा गल्लीतलं साधं लॉज अशा वेळी बरं. सैन्याने संचारबंदी लावल्यावर विमानाचं तिकीट दाखवणाऱ्यांना विमानतळापर्यंत जाऊ दिलं जात होतं, तेव्हा तिकिटाची छापील प्रत जवळ असू द्या. मोबाइलची बॅटरी आणि नेटवर्क नेमकं त्याच वेळी दगा देतं.

आता आपल्या बसचा खरा तोटा सांगतो, जो ड्रायव्हर सांगत नाही. बस सीमेच्या आत गेली की तिच्यावर भन्सारचा कागद लागतो, म्हणजे तिथल्या कस्टमचा परवाना. तो दिवसांच्या हिशेबाने मिळतो आणि भारतीय गाडीला वर्षाकाठी एकूण तीस दिवसांची मर्यादा आहे. मुदत उलटली की दंड. म्हणजे गाडी बाहेर काढणं ही ड्रायव्हरची डोकेदुखी होते आणि ती तुमच्या डोक्यावर येते. बंद लांबला की तो अस्वस्थ होतो, रात्रीच निघू म्हणतो, आणि पस्तीस जण त्याच्या घाईच्या हवाली होतात. गाडी न्यायचीच असेल तर भन्सार घेतानाच दोन दिवस जास्तीचे घ्या. लागतील ते पैसे भरा.

याउलट बस सोनौलीच्या अलीकडे, गोरखपूर किंवा नौतनव्याला उभी असेल तर तुम्ही मोकळे. पायी माणसाला ही सीमा जवळजवळ कधीच पूर्ण बंद होत नाही. २०१५च्या सप्टेंबरात घटना जाहीर झाली आणि मधेशी आंदोलक रक्सौल-बीरगंजच्या मध्ये मैत्री पुलावर ठाण मांडून बसले. ट्रकांच्या रांगा महिनोन्‌महिने हलल्या नाहीत, काठमांडूत पेट्रोल मिळेना. पण त्याच पुलावरून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन येत-जात होती आणि सायकलला कॅन बांधून पेट्रोलही पलीकडे जात होतं. तिथेही वाईट दिवस आले. २ नोव्हेंबरला बीरगंजमध्ये पोलिसांच्या गोळीने रक्सौलचा एक तरुण गेला. तेव्हा जमाव दिसला तर पायीही पुढे जायचं नाही. पण सप्टेंबर २०२५मध्येसुद्धा वाहनं थांबलेली असताना ओळखपत्र दाखवून आपापल्या घरी परतणाऱ्यांना सोनौलीला सोडत होते. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा, निवडणूक. २०२२च्या नोव्हेंबरात मतदानाआधी ७२ तास सीमा सील झाली होती, आणि आपल्या बाजूला निवडणूक असली तरी असंच होतं. मतदानाच्या दिवशी नेपाळात विनापरवाना वाहनंही चालत नाहीत. त्याची तारीख महिनोन्‌महिने आधी कळते. ती न बघता बस ठरवणाऱ्याला मी यात्रा काढू देणार नाही.

सीमा पायी ओलांडायची, म्हणजे सामान किती न्यायचं याचंही उत्तर मिळालं. सोनौलीपलीकडच्या बेलहियाच्या कमानीपासून भैरहव्याच्या बसपर्यंत स्वतः उचलून नेता येईल एवढंच. साठीच्या माणसाला एक पिशवी आणि एक पाठीवरची. चाकांची बॅग त्या खडबडीत रस्त्यावर आणि ट्रकांच्या गर्दीत शत्रू आहे.

बंदमध्ये माणसं मरतात ती बहुधा बंद उठल्यावर. दगडांना सगळे घाबरतात, पण माझा खरा राग आहे तो रात्रीच्या प्रवासावर. दिवसभर अडकलेल्या सगळ्या गाड्या संध्याकाळी एकदम सुटतात, ड्रायव्हर उन्हात बसून थकलेले असतात, आणि सगळ्यांना सकाळच्या आत पोचायचं असतं. नारायणघाट ते मुगलिन हा तुकडा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको: एका बाजूला ढासळता डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली. १२ जुलै २०२४च्या पहाटे सिमलतालला दरड कोसळली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बस नदीत गेल्या. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदीत कोसळली. त्यात आपले वरणगाव-भुसावळकडचे यात्रेकरू होते, त्यांतले पंचवीसच्या आसपास गेले. बस गोरखपूरहून ठरवलेली होती. त्या दिवशी ना बंद होता ना रात्र होती, दिवसाउजेडी घडलं. तोच रस्ता, रात्री, थकलेल्या हातांनी, मागे शंभर गाड्यांचे हॉर्न वाजत असताना कसा असेल याचा विचार करा. माओवादी काळात आणि २०१५लाही नेपाळ पोलीस वाहनांचे ताफे करून रात्री सोबत न्यायचे, ‘स्कर्टिङ’ म्हणायचे त्याला. पोलीस पुढे असला म्हणजे दरड थांबते असं नाही.

तेव्हा बंद उठला की पहिल्या लोंढ्यात निघायचं नाही. रात्र तिथेच काढायची आणि पहाटे उजाडताना निघायचं. एक दिवस वाया जाईल असं गृहीत धरूनच यात्रा आखा. काठमांडूला दोन दिवस असतील तर तीन धरा, मुक्तिनाथ वगळावं लागलं तर वगळा. पस्तीस जणांत एक तरी म्हणतो, पुन्हा येणं होईल का. होईल.

बंद आहे की नाही हे कळणार कसं? हॉटेलवाला नेहमी ‘हो जाएगा’ म्हणतो, त्यावर जाऊ नका. बसच्या काउंटरवर विचारा आणि समोरून आलेल्या ड्रायव्हरला विचारा. नेपाळी बातम्या आपल्याला वाचता येतात, ही मोठी सोय आहे. ‘अवरुद्ध’ आणि ‘निषेधाज्ञा’ हे शब्द दिसले की थांबा. निषेधाज्ञा किंवा कर्फ्यू प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याच्या सहीने लागतो आणि त्यात हद्द नेमकी लिहिलेली असते, कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत. फक्त तारखेचं भान ठेवा. बंदच्या पत्रकावर विक्रम संवताची तारीख असते आणि तिथले महिने सौर असतात. ८ सप्टेंबर २०२५ हा त्यांचा भदौ २३. आपलं पंचांग उघडून ‘भाद्रपद’ शोधाल तर फसाल. वाहतूक पोलिसांचा नंबर १०३, पर्यटक पोलिसांचा ११४४. दोन्ही कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या.

बाईंचा दुसरा प्रश्न आचाऱ्याचा होता. गाडी बदलली तर शेगडी आणि सिलिंडर कुठे न्यायचा? न्यायचाच नाही. आचाऱ्याला बसबरोबर गोरखपूरलाच ठेवा, त्यालाही चार दिवस विश्रांती. नेपाळात डाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळते आणि वाढून वाढून देतात. २०१५च्या टंचाईत मात्र घरोघर अर्धे भरलेले सिलिंडर वाटले जात होते आणि भटारखाने लाकडांवर आले होते, तेव्हा प्रत्येकाने चार दिवसांचा कोरडा खाऊ जवळ ठेवावा: दशम्या, लाडू, भडंग, मधुमेहींसाठी फुटाणे. औषधं दुप्पट. नोटांचं पुढच्या आठवड्यात नक्की, आणि एका पुणेकर गृहस्थांनी काकडभिट्टाच्या सीमेबद्दल विचारलंय तेही.