पैसे घेतले, काम अर्धवट सोडलं : दाद कुठे मागायची?

निकाहच्या शूटिंगचे पैसे दिले, वर्ष झालं तरी अल्बम नाही. किचनचं फर्निचर अर्धं लावून मिस्त्री गायब. दुकानाची वेबसाइट बनवून देतो म्हणणारा मुलगा ॲडव्हान्स घेऊन फोन उचलत नाही. जळगाव असो की धुळे, अशा वेळी घरात पहिलं वाक्य निघतं, "पोलिसात देऊ."

आमचं म्हणणं, जरा थांबा. काम अपुरं सोडणं हा करारभंग आहे, तो आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फसवण्याचा हेतू अगदी सुरुवातीपासून असायला हवा. खोटं नाव सांगितलं, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं, चार घरांकडून असेच पैसे उचलले, असं काही हाती असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार जरूर द्या. अनोळखी माणसाने ऑनलाइन पैसे लुबाडले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, तिथे उशीर केला की पैसे पुढे निघून जातात. नाहीतर फौजदारी वाट लांबची असते. जळगावच्या घरकुल प्रकरणाची जात वेगळी, तो सरकारी पैशाचा मामला. पण तिथेही गुन्हा २००६ चा आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल २०१९ चा, हे आपण पाहिलंच आहे.

घरगुती कामासाठी खरा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. जळगावला आहे, धुळ्यालाही आहे. पैसे देऊन घेतलेली सेवा अपुरी राहिली की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो, मग समोर मोठी कंपनी असो की एकटा काम करणारा माणूस. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील करावाच लागतो असं नाही. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. काम घेणारा पुण्यात किंवा सुरतेत बसला असला तरी तुमची तारीख जळगावातच. मुदत मात्र २ वर्षांची आहे, "आज देतो, उद्या देतो" ऐकत ती घालवू नका.

एक अडचण. धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही. पण धुळ्यात घरीच बुटीक चालवणारी बहीण स्वतःच्या पोटापाण्यासाठी वेबसाइट करून घेत असेल तर तिला सूट आहे, तक्रारीत ते स्पष्ट लिहावं लागतं. मोठ्या व्यापाऱ्याला दिवाणी कोर्ट, तिथे मुदत ३ वर्षं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाई देतं. उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला जो जादा खर्च आला तोही मागता येतो, बिलं ठेवली असतील तर.

कुठेही जा, आधी नोटीस पाठवा. किती पैसे कोणत्या तारखेला दिले, काय काम ठरलं, किती झालं, आणि १५ दिवसांत काम पुरं करा नाहीतर पैसे परत द्या, इतकं साध्या मराठीत पुरे. स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरही टाका. जेवढं काम झालं त्याचे पैसे मात्र कबूल करा. मिस्त्रीची मेहनत बुडवून न्याय मागता येत नाही, आणि आयोगही ते बघतोच. त्याचा फोटो "चोर" म्हणून मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरवू नका, उलट तुमच्यावरच बदनामीची केस व्हायची. त्याची हत्यारं किंवा लॅपटॉप अडकवून ठेवणं तर नकोच.

पुरावा हीच आपली कमजोर बाजू. "आपलाच पोरगा आहे, कागद कशाला?" असं म्हणत रोख पैसे दिले जातात. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवायला आणि साक्षीदार करायला सांगते. नमाज-रोजाच्या बाबतीत काटेकोर असलेली माणसंही इथे ढिली पडतात, हे नवलच. लेखी काही नसेल तर यूपीआयची नोंद, चॅट, व्हॉइस मेसेज, अर्धवट कामाचे तारखेसह फोटो सांभाळा. ज्या फोनवर चॅट आहे तो विकू नका. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट भागत नाही, त्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

बिरादरीच्या चार जबाबदार माणसांनी बसवून मिटवलं तर सर्वांत बरं, फक्त हप्ते आणि तारखा लिहून दोघांच्या सह्या घ्या. ते जमलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केस दाखल करण्याआधीच लोकअदालतीसाठी अर्ज देता येतो. तिथल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. त्याच कार्यालयात महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

ग्राहक आयोगाने पैसे परत द्यायला सांगूनही समोरचा देत नसेल तर कलम ७२ खाली पुन्हा अर्ज करा. त्यात १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.