विश्लेषण : प्राध्यापिकेचा राजीनामा बेकायदा बडतर्फी कसा ठरला?

सहकाऱ्याचे मत पटले नाही, तर वाद घालता येतो. पण त्या मतापायी त्याला नोकरीच सोडावी लागली, तर जबाबदार कोण? ब्रिटनच्या रोजगार न्यायाधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये याचे उत्तर दिले : संस्था.

प्रकरण काय?
ओपन युनिव्हर्सिटीतील गुन्हेगारीशास्त्राच्या प्राध्यापिका जो फिनिक्स यांनी जून २०२१ मध्ये सहकाऱ्यांसह संशोधन गट सुरू केला. जैविक लिंग बदलता येत नाही आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी ते महत्त्वाचे आहे, ही त्यांची स्त्रीवादी भूमिका. ती पारलिंगी व्यक्तींच्या विरोधात जाते, असा आक्षेप घेत ३६८ सहकाऱ्यांनी खुले पत्र काढले. विद्यापीठाने गटाला पाठबळ देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. त्याआधीच एका वरिष्ठाने फिनिक्स यांची तुलना ‘नाताळच्या जेवणाला आलेल्या वर्णद्वेषी काकां’शी केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

कायदा काय सांगतो?
२०१०च्या समानता कायद्यात धर्माप्रमाणेच तात्त्विक श्रद्धेलाही संरक्षण आहे. माया फोरस्टेटर प्रकरणात जून २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ही भूमिका त्या कक्षेत आणली. पारलिंगी व्यक्तींनाही हाच कायदा संरक्षण देतो. त्यामुळे मत बाळगणे वेगळे आणि त्या मताच्या नावाखाली कुणाला त्रास देणे वेगळे.

निकालाचा अर्थ काय?
फिनिक्स यांच्याशी भेदभाव झाला, त्यांचा छळ झाला आणि नाइलाजाने दिलेला राजीनामा ही बेकायदा बडतर्फीच होती, असे न्यायाधिकरणाने म्हटले. विद्यापीठाने नंतर माफी मागितली. टीकेला बंदी नाही. मात्र टीकेचा छळ होत असताना संस्थेला हातावर हात ठेवून बसता येणार नाही.