धावेचा भाव

सन २०२५ चा जुलै महिना. भोपाळात पावसाची झड लागली होती, गणिताचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीच्या मोकळ्या तासाला मी स्वतःच वर्गावर गेलो. फळ्यावर कोणीतरी एक भागाकार मांडून ठेवला होता. तेवीस कोटी पंचाहत्तर लाख भागिले एकशे बेचाळीस. उत्तर सोळा लाख बहात्तर हजार पाचशे पस्तीस, बाकी तीस. मी पडताळा घेतला. उत्तर अगदी बरोबर. ज्या वर्गाला अपूर्णांकांची वजाबाकीही जड जाते तेथे हा पराक्रम कोणाचा, म्हणून विचारले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि आपल्या भोपाळी बोलीत म्हणाला, “सर, वेंकटेश का एक रन अपन को कित्ते का पड़ा, वो निकाला है.”

त्या ‘अपन को’ने मी जागच्या जागी थबकलो. या मुलाच्या खिशातून व्यंकटेश अय्यरला एक पैसाही गेलेला नव्हता. सामने त्याने शेजाऱ्याच्या घरी बसून पाहिले होते. तरीही धाव त्याला ‘महाग पडली’ होती, आणि फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकाचा राग त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आपल्या वाचकांपैकी ज्यांना क्रिकेटचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. व्यंकटेश अय्यर हा इंदूरचा, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशाचा खेळाडू. आयपीएलमध्ये कोलकाता संघाने त्याला प्रथम घेतले ते २० लाख रुपयांना. सन २०२१ च्या त्या हंगामात त्याने १० सामन्यांत ३७० धावा केल्या आणि घरोघरी त्याचे नाव झाले. पुढच्या वर्षी त्याचे ८ कोटी झाले. सन २०२४ मध्ये, ८ कोटींच्या भावात, त्याने पुन्हा नेमक्या ३७० धावाच केल्या, आणि अंतिम सामन्यात २६ चेंडूंत नाबाद ५२ काढून संघाच्या अजिंक्यपदाला हातभार लावला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे मोठा लिलाव झाला आणि त्याच संघाने त्याला परत घेतले ते २३ कोटी ७५ लाखांना. सन २०२५ मध्ये ११ सामन्यांत त्याच्या धावा झाल्या १४२.

आता हे पावणेचोवीस कोटी कोठून आले ते पाहण्यासारखे आहे, कारण माझ्या मते त्या मुलाचा भागाकार बरोबर असूनही गणित चुकले ते येथेच. लिलावापूर्वी प्रत्येक संघाला एकूण १२० कोटींची मर्यादा होती. कोलकात्याने सहा खेळाडू आधीच राखून ठेवल्यामुळे त्यांच्या थैलीत ५१ कोटी उरले होते. व्यंकटेशला त्यांनी राखले नव्हते. आता मात्र तो परत हवा होता. दुसऱ्या बाजूने बंगळूरचा संघ इरेला पेटला. एकाने बोली वाढवावी, दुसऱ्याने त्यावर पंचवीस लाख चढवावेत, असे करीत करीत आकडा साडेतेवीस कोटींवर गेला, आणि त्यावर आणखी पंचवीस लाख पडताच समोरचा थांबला. बंगळूरकरांनी दहा कोटींवरच हात आखडता घेतला असता, तर हाच खेळाडू, त्याच बॅटीसह, त्याच दिवशी सव्वादहा कोटींचा ठरला असता. लिलावाची किंमत शेवटी हरणाऱ्याच्या हट्टावर ठरते. इतवाऱ्याच्या बाजारात किंवा धान्यमंडीत उभे राहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. परंतु टीव्हीसमोर बसलेला प्रेक्षक त्या आकड्याकडे बाजारभाव म्हणून पाहत नाही. तो ते खेळाडूने दिलेले वचन समजतो.

गंमत अशी की, त्याच संघात त्याच वर्षी कप्तान होता आपला अजिंक्य रहाणे, दीड कोटीचा. त्याने ३९० धावा केल्या, संघात सर्वांत जास्त. त्या मुलाच्या पद्धतीने हिशेब केला तर रहाणेची धाव साडेअडतीस हजारांच्या आतच पडते. पण रहाणेने चारशे धावा कराव्यात अशी अपेक्षा त्या वर्षी कोणी केली होती? दीड कोटीच्या माणसाने काहीही केले तरी ते वरकमाईत जमा. पावणेचोवीस कोटींच्या माणसाने काहीही केले तरी ते व्याजात वळते. ३ एप्रिल २०२५ रोजी ईडन गार्डन्सवर हैदराबादविरुद्ध व्यंकटेशने २९ चेंडूंत ६० धावा ठोकल्या, तेव्हाही लोकांनी वाहवा करण्याऐवजी ‘चला, काही तरी वसूल झाले’ असेच उद्गार काढले. मी सर्वाधिक पैसे घेतो म्हणून प्रत्येक सामन्यात धावा काढल्याच पाहिजेत असे नाही, अशा अर्थाचे तो त्या वेळी बोलला. बोलणे रास्त होते. पटले फार थोड्यांना.

इंदूरच्याच रजत पाटीदारचे उदाहरण याच्या उलट. सन २०२२ च्या लिलावात त्याला कोणीच घेतले नाही. पुढे एका जायबंदी खेळाडूच्या जागी बंगळूरने त्याला २० लाखांत बोलावले, आणि बाद फेरीच्या सामन्यात लखनौविरुद्ध त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. त्या रात्री देश वेडा झाला, त्याचे अर्धे श्रेय त्याच्या बॅटीला आणि अर्धे त्या २० लाखांना होते, असे मला वाटते. कोणी काही मागितलेच नव्हते. जे आले ते दान होते.

कोणी म्हणेल, पैसा आला आणि प्रेक्षक बिघडला. मला हे इतके सोपे वाटत नाही. प्रेक्षकाची अपेक्षा पैशाच्या आधीपासूनची आहे. इंदूरच्या होळकर संघाचेच पाहा. सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत कर्नल, मुश्ताक अली कॅप्टन. वेतन हुद्द्याचे, धावांचे नव्हे. महाराजांच्या पदरी राहिलेल्या या मंडळींनी चार वेळा रणजी करंडक जिंकला. मार्च १९४५ मध्ये मुंबईला झालेल्या अंतिम सामन्यात होळकरांपुढे ८६७ धावांचे अशक्य लक्ष्य होते. महूच्या छावणीतला डेनिस कॉम्प्टन हा इंग्रज त्यांच्याकडून खेळत होता. एका धनिक व्यापाऱ्याने त्याला शंभराच्या पुढील प्रत्येक धावेमागे भरघोस रक्कम देऊ केली, अशी गोष्ट सांगतात. कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या. संघ हरला तो हरलाच. आणि परत येऊन पाहतो तो शेटजींची चिठ्ठी, तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागत आहे, क्षमस्व! धावेला भाव लावण्याची कल्पना ही अशी जुनी आहे. फरक एवढाच की तेव्हा फसला तो खेळाडू.

पगार नसतानाचा रागही आपल्या प्रदेशाने पाहिला आहे. सन १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड येथे मालिका जिंकल्या, तेव्हा इंदूरकरांनी हौसेने सिमेंटची एक प्रचंड बॅट उभारली. तिला ‘विजय बल्ला’ म्हणत. वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करून पोट भरणारे गृहस्थ. क्रिकेटचे मानधन तुटपुंजे. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, इंग्लंडमध्ये तीनही कसोट्या हरल्या, लॉर्ड्सवर सारा संघ ४२ धावांत गारद झाला, आणि त्याच बॅटीला लोकांनी काळे फासले. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. तो रानटीपणाच होता, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्या संतापात एक गोष्ट नव्हती: वाडेकरांची धाव केवढ्याला पडली असा भागाकार कोणी केला नाही. घरातल्या कर्त्या मुलाने नाक कापले, असा तो राग होता. घरच्यांचा राग विध्वंसक असतो, पण त्याला विसरही पडतो. वाडेकर पुढे भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले तेव्हा लोकांनी त्यांना पुन्हा आपले म्हटले.

भोपाळात तर हे नाते हॉकीने जपले होते. अस्लम शेर खानने १९७५ च्या विश्वचषकात, क्वालालंपूरला, मलेशियाविरुद्ध उपान्त्य सामना हातचा जात असताना गळ्यातील ताईताचे चुंबन घेऊन बरोबरीचा गोल केला, ही कथा या शहरात आजही नातवंडांना सांगितली जाते. त्या गोलची किंमत काढण्याचे कोणाला सुचत नाही. त्याचे वडील अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात होते. ऐशबागच्या मैदानावरचा म्हातारा प्रेक्षक खेळाडूला शिव्या देई, पण त्या घरच्या शिव्या असत.

थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही. जून २०२२ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर मध्य प्रदेश उभा राहिला, तेव्हा आपल्या किती घरांत धर्मसंकट पडले होते! आजोबा मुंबईचे, नातू भोपाळचा. आणि मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित म्हणजे पुन्हा मुंबईचेच. यश दुबे, शुभम शर्मा आणि पाटीदार यांनी शतके केली, करंडक आपल्याकडे आला. त्या दिवशी कोणाला किती मानधन मिळते हे त्या घरांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि विचारावेसे वाटलेही नाही.

थोडक्यात, पगाराने अपेक्षा वाढते असे म्हणण्यापेक्षा पगाराने अपेक्षेची जात बदलते असे म्हणावे. आप्ताचा हक्क जाऊन तेथे गिऱ्हाइकाचा हक्क येतो. विलायतेत फुटबॉलच्या मैदानावर ही घडामोड आपल्या आधी होऊन गेली. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती, आठवड्याला २० पौंड. गिरणीतला कामगार आणि मैदानावरचा नायक एकाच बसने घरी जात. मर्यादा उठली आणि फुलहॅम संघाचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. तेथून २०१७ पर्यंतचा प्रवास पाहा: पॅरिसच्या संघाने नेमार या ब्राझिली खेळाडूला बार्सिलोनाकडून सोडवून आणण्यासाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. युरोपचे अजिंक्यपद आणून देणे, हेच त्याच्याकडून अपेक्षित होते. ते मिळाले नाही. मे २०२३ मध्ये पॅरिसचेच चाहते त्याच्या घरासमोर जमून ‘चालता हो’ म्हणून ओरडले. तो गेला, मेस्सी गेला, पुढच्या वर्षी एम्बापेही गेला. आणि ३१ मे २०२५ रोजी पॅरिसने अंतिम सामन्यात इंटर मिलानचा ५–० असा फडशा पाडून ते अजिंक्यपद मिळवले.

तरी यातून पैसा व्यर्थ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्टीफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील संघांच्या वेतनखर्चाचा दीर्घ काळ अभ्यास केला. जो संघ वर्षानुवर्षे वेतनावर अधिक खर्च करतो तो साधारणपणे तक्त्यात वर असतो, असे त्यात दिसले. म्हणजे प्रेक्षक अगदीच वेडा नाही. दहा वर्षे आणि पंचवीस माणसे यांच्या हिशेबात जे खरे, ते एका माणसाकडून एका संध्याकाळी वसूल करायला निघतो, एवढीच त्याची चूक.

ही चूक मला इतकी जवळून का कळते, ते आता सांगतो. नव्वदच्या दशकात मी शिक्षाकर्मी म्हणून एका खेड्यातील शाळेत लागलो. मानधन इतके अल्प होते की गावातील किराणा दुकानदार मला उधारी देताना दोनदा विचार करी. पण त्या गावाने मला कधी निकाल विचारला नाही. दहा मुले पास झाली तर सरपंच पेढे घेऊन आले. पुढे २०१८ मध्ये आमचे नियमित संवर्गात विलीनीकरण झाले, सातव्या वेतन आयोगाची श्रेणी मिळाली, घरात सुख आले. आज शाळेचा कारभार माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी दहावीचा निकाल घसरला तेव्हा एक पालक माझ्या खोलीत येऊन सरळ म्हणाले, “महिन्याला एवढे घेता, आणि मुलगा गणितात नापास?” मी उत्तर दिले नाही. त्यांचे चुकले होते असेही मला म्हणवत नाही. कराचा पैसा त्यांचा होता, मुलगाही त्यांचा होता. परंतु त्याच शाळेत आमचे एक अतिथी शिक्षक आहेत, तुटपुंज्या मानधनावर काम करणारे. त्यांच्या विषयातही मुले नापास झाली होती. त्यांना त्या गृहस्थांनी नमस्कार केला आणि ‘बिचारे किती कष्ट घेतात’ असे म्हणून ते गेले. त्या दिवशी ते अतिथी शिक्षक माझ्यापेक्षा जास्त दुखावले. ते मला नंतर म्हणाले, “सर, मला कोणी रागावतसुद्धा नाही.”

व्यंकटेशला कोलकात्याने सोडून दिले. डिसेंबर २०२५ च्या लिलावात तो ७ कोटींना गेला, आणि तोही बंगळूरकडे, जो संघ आदल्या वर्षी साडेतेवीस कोटींपर्यंत त्याच्यामागे धावला होता. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तो मागच्या बाकावरचा मुलगा मला व्हरांड्यात भेटला. मी त्याला विचारले, “काय रे, आता सात कोटींत किती धावा झाल्या म्हणजे तुझे समाधान?”

तो बोटे मोडीत बराच वेळ उभा राहिला. नंतर म्हणाला, “सर, अब तो जित्ते बना दे.”