पिशोरहून गौताळ्याकडे : तीन वाटा, एक अरण्य

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे नाव निघाले की वेरूळ आणि अजिंठा ही दोन स्थळे प्रथम डोळ्यांपुढे येतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गौताळा औट्रमघाट अभयारण्य पसरले आहे, याची जाणीव मात्र जिल्ह्यातील रहिवाशांनाही पुष्कळदा नसते. कन्नड तालुक्यातील पिशोर हे बाजारपेठेचे मोठे गाव या अरण्याचे एक स्वाभाविक प्रवेशद्वार होय. येथून अरण्याकडे व त्याच्या परिसराकडे जाणाऱ्या वाटांचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. गौताळा हे राष्ट्रीय उद्यान नाही, ते अभयारण्य आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर असून ते छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. अभयारण्यात मात्र चराईचे नियमन करता येते आणि रहिवाशांचे काही हक्क कायम राहू शकतात. म्हणजेच अभयारण्याचे रक्षण ही भोवतालच्या गावांच्या सहकार्यावर अधिक अवलंबून असणारी गोष्ट आहे.

प्रदेशाची घडण

या वाटांच्या सौंदर्याचे मूळ भूरचनेत आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाशाला चढ फारसा जाणवत नाही. शेते, नाले आणि माळ ओलांडीत रस्ता पठारावरून जातो आणि डोंगराच्या उत्तर कडेला येताच जमीन एकाएकी खाली कोसळते. समोर खानदेशचे मैदान उलगडते. हाच कडा पाण्याचीही वाटणी करतो. दक्षिण उताराचे पाणी शिवना, अंजना यांसारख्या नद्यांवाटे अखेर गोदावरीस मिळते, तर उत्तर उताराचे पाणी गिरणेच्या वाटेने तापीकडे जाते. अरण्य शुष्क पानगळीचे आहे. सालई, धावडा, अंजन, खैर, पळस व सीताफळ ही येथील परिचित झाडे. फाल्गुनात पळस फुलतो, वैशाखात रान उघडेबोडके दिसते आणि श्रावणात तेच रान ओळखू येणार नाही इतके हिरवे होते.

तीन वाटा

पहिली वाट पिशोरहून कन्नडमार्गे गौताळा व पुढे नागद अशी आहे. कन्नड सोडल्यानंतर थोड्याच वेळात रस्ता अभयारण्यात शिरतो, गौताळा तलावाच्या परिसरातून जातो आणि घाट उतरून नागदच्या बाजूने खानदेशात पोहोचतो. अरण्याचे अंतरंग पाहावयाचे असेल तर हीच वाट धरावी.

दुसरी वाट कन्नडहून चाळीसगावकडे जाणाऱ्या महामार्गाची. या मार्गावरील औट्रम घाटास खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले आहे. कन्नडच्या याच बाजूस मुख्य रस्ता सोडून गेल्यास पितळखोऱ्याची लेणी पाहता येतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरल्या गेलेल्या या बौद्ध लेण्यांतील एका यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने ती घडविल्याचा लेख आहे. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. घाट उतरल्यावर जळगाव जिल्ह्याच्या बाजूस पाटणादेवीचे प्राचीन मंदिर लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात आढळते.

तिसरी वाट पिशोरच्या उत्तरेस डोंगररांगेकडे वळते व नागापूरमार्गे अंतूर किल्ल्याकडे नेते. किल्ल्याच्या अलीकडे निजामशाही काळातील एक चौकोनी दगडी स्तंभ आहे. त्यावरील फारसी लेखांत कोणत्या दिशेस कोणते ठिकाण आहे हे नोंदविलेले आहे. आजच्या मैलाच्या दगडाचा हा पूर्वजच म्हणावयाचा. पावसाळ्यात या वाटेच्या शेवटच्या टप्प्याची स्थिती स्थानिक ग्रामस्थांकडून आधी जाणून घ्यावी.

रस्ता आणि रान

३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे औट्रम घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या व वाहतूक बंद पडली. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार या घाटातून जड वाहनांना बंदी करण्यात आली. मोठा घाट बंद पडला की वाहनांचा ओघ आडवाटांकडे वळू पाहतो. नागदच्या अरुंद वनमार्गावर असा भार पडल्यास त्याची किंमत अरण्याला मोजावी लागेल.

ही किंमत किती मोठी असू शकते, हे त्याच वर्षी दिसून आले होते. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यातील स्वयंचलित कॅमेऱ्यात एका वाघाचे छायाचित्र टिपले गेले. येथून वाघ नाहीसा होऊन कित्येक दशके लोटली होती. अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील असल्याचे निष्पन्न झाले. सुमारे ३३० किलोमीटरचे अंतर तो शेते, नाले आणि डांबरी रस्ते ओलांडीत पायी आला होता. वाटेतील एखाद्या रस्त्यावर भरधाव वाहनाने त्यास गाठले असते, तर ही कथा येथवर पोहोचलीच नसती. बिबट्या, तरस, अस्वल व नीलगाय यांना तर हा धोका रोजचाच आहे.

आपले कर्तव्य

या संदर्भात कायद्याची तरतूद शिक्षक व पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. सार्वजनिक महामार्गाने अभयारण्यातून जाणाऱ्यास परवान्याची गरज नाही; रस्ता सोडून रानात शिरावयाचे असल्यास ती आहे. वन्य प्राण्यांस त्रास देणे, कचरा टाकणे आणि रानास धोका होईल अशा रीतीने आग पेटविणे यांस मनाई आहे. अभयारण्यात राहणाऱ्यांवर तर वणवा विझविण्यास साहाय्य करण्याचे व वन्य प्राणी मृत आढळल्यास त्याची माहिती देण्याचे दायित्व कायद्यानेच सोपविले आहे.

शाळेची सहल नेताना वाहन संथ चालवावे, भोंगा वाजवू नये, माकडांस खाऊ घालू नये आणि सूर्यास्तापूर्वी रान सोडावे. ग्रामपंचायतींनी उन्हाळ्यापूर्वी वणव्यासंबंधी ग्रामसभेत चर्चा घडवून आणावी. या गोष्टींस निधी लागत नाही, सातत्य लागते. अंतूरजवळच्या स्तंभाने शतकानुशतके वाटसरूंना दिशा दाखविली. या वाटांवरून जाताना कसे वागावे, हे सांगण्याचे काम आता पिशोरसारख्या गावांनी करावयाचे आहे.