शेवटचं कधी खाल्लं त्यानं?

तुमच्या मांजरानं शेवटचं कधी खाल्लं? आज सकाळी? काल रात्री? की 'खाल्लं असेल, रूममेटनं दिलं असेल'?

आमच्या बोक्याला, म्हणजे मोदकला, डॉक्टरकडे नेलं तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. फ्लॅट बदलून चार दिवस झाले होते. नव्या घरात मोदक पलंगाखालून बाहेर येत नव्हता. "रुसलाय, भूक लागली की येईल," असं म्हणून जो तो आपापल्या लेक्चरला. चौथ्या दिवशी एकीला त्याच्या कानाची आतली बाजू हळद लावल्यासारखी पिवळी दिसली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि निदान आलं : फॅटी लिव्हर.

आता तुम्ही म्हणाल, फॅटी लिव्हर तर जास्त खाण्या-पिण्यानं होतं. माणसांत बऱ्याचदा तसंच असतं. मांजराचं उलटं आहे, त्याला हे न खाल्ल्यामुळे होतं! आपण एकादशीला उपास केला तर काही बिघडत नाही. मांजराला मात्र उपास झेपत नाही. खाणं थांबलं की शरीर साठवलेली चरबी लिव्हरकडे पाठवतं. मांजराच्या लिव्हरला एवढी चरबी पटापट वापरता येत नाही आणि पुढे पाठवताही येत नाही. ती पेशींमध्ये साचते, लिव्हरचं काम मंदावतं, मळमळ सुरू होते आणि मग मांजर आणखीच खात नाही. या आजाराचं नाव हेपॅटिक लिपिडोसिस. गुटगुटीत मांजरांना धोका जास्त. आमचा मोदक नावाप्रमाणेच होता.

दरवेळी कारण रुसवा असेलच असं नाही. मांजराची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात शिरण्याआधी बहुधा एकत्र येतात. त्यामुळे पित्तमार्ग, स्वादुपिंड आणि आतडं या तिघांनाही एकदम सूज येऊ शकते. डॉक्टर याला ट्रायडायटिस म्हणतात. बाहेरून आपल्याला दिसतं एवढंच की माऊ जेवत नाहीये. म्हणून खाणं का सुटलं, हे शोधायचं काम डॉक्टरवर सोडा.

मग आपण काय करायचं? मांजरानं पूर्ण 24 तास काही खाल्लं नाही, तर डॉक्टरला फोन करा. 'अजून एक दिवस बघू' नको. उलट्या, लाळ गळणं, वजन उतरणं, कोपऱ्यात लपून बसणं याकडे लक्ष ठेवा. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी दिसली, तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठा.

आणि आपली डॉक्टरकी बंद! अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. ते निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये फार तोकडी असते. एका गोळीनंही जीव जाऊ शकतो. घरातलं लिव्हर टॉनिक नको, सिरिंजनं बळंच दूध पाजणं नको, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. जाड झालंय म्हणून एकदम उपाशी ठेवणंही नको. खाणं बदलायचं असेल तर जुन्यात नवीन मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदला.

या आजारावर मुख्य औषध म्हणजे अन्नच. मोदकच्या मानेतून अन्ननलिकेत एक बारीक नळी बसवली. बघताना पोटात गोळा आला, पण त्याला तिचा फारसा त्रास नव्हता. चार आठवडे दिवसातून अनेकदा थोडं थोडं पातळ अन्न द्यायचं. सबमिशनच्या रात्री अलार्म लावून आम्ही पाळ्या केल्या, बिलासाठी वर्गणी काढली. वेळेत उपचार मिळाले तर बरीच मांजरं यातून बाहेर येतात. दुर्लक्ष झालं, तर बहुतेक दगावतात. मोदक वाचला. पण आणखी दोन दिवस 'रुसलाय' म्हणत बसलो असतो, तर हा लेख वेगळा झाला असता.

फ्लॅटवरचं मांजर सगळ्यांचं असतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. चौघांनाही वाटत असतं की दुसऱ्यानं बघितलं असेल. सुट्टीत तुम्ही त्याला मित्राकडे ठेवता तेव्हाही हेच होतं. ठेवताना त्याची जुनी चादर आणि नेहमीचंच खाणं सोबत द्या. रोज मेसेज करून "कसा आहे?" नको, "आज किती खाल्लं?" असं विचारा.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलाय. तारीख, वेळ, किती खाल्लं, कुणी बघितलं. परीक्षेच्या टाइमटेबलच्या अगदी शेजारी. तुमच्याही फ्रिजवर तेवढी जागा असेलच की!