नाला शहरात शिरतो तेव्हा

देवरी तालुक्यातल्या चिचगडच्या परिसरात धानाची बांधी म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. वरच्या बांधीतले पाणी धुऱ्याच्या वर चढले की खालच्या बांधीत उतरते, ती भरली की तिच्याही खालच्या. शहरात पसरणाऱ्या पुराचे गणित याच चित्रावर उभे करता येते. १९६० च्या दशकात फ्रेंच अभियंत्यांनी मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातील पुराचे प्रतिरूप तयार केले, तेव्हा तिथल्या बांधांनी वेढलेल्या भातशेतीचे असेच कप्पे पाडले होते.

आपल्या जवळचे उदाहरण नागपूरचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत तिथे शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि झोपेतल्या वस्त्यांत पाणी शिरले. काहींचे प्राण गेले. एवढे पाणी आले कुठून?

आपण एक काल्पनिक नाला घेऊ. त्याचे पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख घनमीटर पाणी. काँक्रीट आणि डांबरामुळे त्यातले ८० टक्के वाहून आले आणि ते चार तासांत आले असे धरू. म्हणजे सेकंदाला सरासरी सुमारे ५५ घनमीटर.

नाल्यातून किती जाईल? त्यासाठी आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याच्या नावाचे सूत्र वापरतात. पात्राचा आकार, उतार आणि खडबडीतपणा यांवरून ते वेग देते. नाला १० मीटर रुंद, २ मीटर खोल, उतार ५०० मीटरला १ मीटर आणि खडबडीतपणाचा अंक ०.०३ धरला, तर वेग सेकंदाला १.९ मीटर आणि प्रवाह सुमारे ३८ घनमीटर येतो. झाडोरा आणि कचऱ्याने हा अंक ०.०६ झाला की प्रवाह निम्म्यावर, १९ वर. खोली तीच, रुंदी तीच!

स्वच्छ नाल्यातही सेकंदाला १७ घनमीटर पाणी उरतेच. चार तासांत ते सुमारे २ लाख ४५ हजार घनमीटर होते. २५ हेक्टरच्या सखल वस्तीत ते साचले, तर जवळजवळ एक मीटर, म्हणजे कमरेइतके.

पण ते सारखे पसरत नाही, म्हणून कप्पे. प्रत्येक कप्प्यासाठी नियम एकच : आत आलेले पाणी वजा बाहेर गेलेले पाणी म्हणजे साठ्यातील वाढ. शेजारच्या कप्प्यात किती जाईल हे दोन्हींकडच्या पाण्याच्या पातळीतील फरकावर ठरते. लक्षात घ्या, पातळीतील, खोलीतील नव्हे. (परीक्षेत विद्यार्थी हमखास इथे चुकतील.) रस्ता हा कप्पा पाणी वेगाने नेतो, तर घरांची रांग ते अडवते.

वेळेची पायरीही जपून निवडावी लागते. सपाट जमिनीवरच्या, सारख्याच आकाराच्या दोन कप्प्यांत ३० आणि १० सेंटिमीटर पाणी आहे. एका पायरीत पहिल्यातून १५ सेंटिमीटर ढकलले तर १५ आणि २५ होतात, म्हणजे पुढच्या पायरीत पाणी उलटे फिरते. प्रत्यक्षात ते २०–२० वर थांबले असते. पायरी लहान केली की हा झोका जातो. मात्र संगणकाचे काम वाढते.

खरी अडचण उंचीच्या नकाशाची. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेल्या उंचीच्या नोंदी ३० मीटरच्या चौकटीत विनामूल्य मिळतात. पण त्यांत छपरे आणि झाडांचे शेंडे मिसळलेले असतात, चूक काही मीटरची असू शकते आणि आवाराची भिंत तर दिसतच नाही. वस्ती बुडते की वाचते हे मात्र अर्ध्या मीटरवर ठरते. आमच्या मते अशा वेळी नवे सूत्र शोधण्यापेक्षा दुर्बीण-पट्टी घेऊन गल्लीची उंची मोजणे अधिक उपयोगाचे. पुरानंतर भिंतींवर राहिलेल्या गाळाच्या रेषाही मोजून ठेवाव्यात. प्रतिरूप खरे उतरले का हे त्यांच्याशीच ताडून पाहता येते.

वर्गात चौकटीच्या कागदावर पाच गुणिले पाच कप्पे आखा, प्रत्येकात जमिनीची उंची लिहा आणि एका कडेने पाणी सोडा. मग एका कप्प्याभोवती भिंत घालून तेच गणित पुन्हा करायला सांगा. शेजारच्या कप्प्यांतले आकडे किती वाढतात, ते मुलांनाच फळ्यावर लिहू द्या.